मेमोऐवजी प्रश्न विचारणाऱ्या इन्चार्ज सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,
सा. न. वि. वि.

तुमच्या निवृत्तीच्या समारंभात जी भाषणे झाली, त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकात तुम्हाला 'मायाळू' म्हटले गेले. तुमच्या हाताखाली काम केलेल्या आम्हा परिचारिकांना ते ऐकून थोडे हसू आले, कारण केस पेपरवर वेळ न घातलेली एखादी नोंद तुमच्या नजरेस पडली की काय होत असे, हे आम्हाला चांगले ठाऊक आहे. तुम्ही कडक होता, आणि तसे सांगितल्याने तुमचा मान कमी होत नाही. आभार मानायचे आहेत ते तुमच्या स्वभावाचे नव्हेत, तर त्या सर्जिकल वॉर्डात तुम्ही घालून दिलेल्या पद्धतींचे. माणसाचा स्वभाव त्याच्याबरोबर निवृत्त होतो. पद्धती मात्र दुसरीकडे नेता येतात. मी त्या माझ्या आताच्या वॉर्डात आणल्या आहेत, आणि इतरांनाही त्या उचलता याव्यात म्हणून हे पत्र खासगी न ठेवता उघडपणे लिहीत आहे.

सुरुवात ओव्हरपासून, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंटची माहिती सोपवण्यापासून करते. बहुतेक ठिकाणी ड्युटी बदलताना ओव्हर नर्सिंग स्टेशनवर दिला जातो, तोही एक पाय लिफ्टकडे ठेवून. तुम्ही तो पेशंटच्या बेडपाशी आणलात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यात वॉर्डातल्या मदतनिसांना, म्हणजे मामा आणि मावशींना, उभे केलेत. काही जणींना तेव्हा हे विचित्र वाटले होते. औषधे आणि ड्रेनची (जखमेतला स्राव बाहेर काढणाऱ्या नळीची) चर्चा चालू असताना मावशींचे तिथे काय काम, असा सूर होता. हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या एका आजोबांच्या बेडपाशी त्याचे उत्तर मिळाले. चार्टवर सगळे ठीक होते, आजोबांची काही तक्रार नव्हती, आणि मावशी सहज म्हणाल्या की बाबांनी दुपारपासून लघवीचे भांडे मागितलेले नाही. कमरेत भूल दिलेल्या पेशंटला मूत्राशय भरल्याची जाणीव होतेच असे नाही, आणि ते फार ताणले गेले तर पुढचा त्रास वाढतो. तपासले तेव्हा पोट तट्ट फुगलेले होते. भांडे देणे आणि उचलणे हे मावशींचे काम असल्याने ही माहिती वॉर्डात फक्त त्यांच्याकडे होती, आणि ती सांगण्याची जागा तुम्ही आधीच करून ठेवली नसती तर ती त्यांच्याकडेच राहिली असती. त्या दिवसानंतर मावशींचे तिथे काय काम, हा प्रश्न कोणी काढला नाही.

दुसरी गोष्ट पोटॅशियम क्लोराइड या औषधाची. नाईट ड्युटीवरच्या एका नव्या मुलीला डिस्टिल्ड वॉटरच्या ट्रेमध्ये त्याचे एक अँप्युल, म्हणजे इंजेक्शनची छोटी कुपी, मिसळलेले दिसले. दोन्ही पारदर्शक, दोन्ही सारख्याच मापाची. आणि पातळ न करता थेट शिरेतून दिले तर पोटॅशियम हृदय बंद पाडू शकते. काहीही घडले नव्हते. ते अँप्युल गुपचूप जागेवर ठेवून ती मोकळी होऊ शकली असती, कारण आमच्या व्यवसायात लिहून दिलेला कागद पुष्कळदा लिहिणाऱ्यावरच उलटतो. तिने तरीही लिहिले, कारण पहिल्याच आठवड्यात तुम्ही तिला सांगितले होते की टळलेली गोष्टही रजिस्टरमध्ये आली पाहिजे. वरून विचारणा झाली की ट्रे कोणी भरला होता, नाव द्या, मेमो (लेखी ठपका) काढायचा आहे. तुम्ही नाव दिले नाही. सारखी दिसणारी दोन अँप्युल एकाच कप्प्यात ठेवण्याची व्यवस्था माझ्या वॉर्डाची आहे, तेव्हा मेमो माझ्या नावे काढावा, असे तुम्ही लेखी कळवलेत आणि त्याच कागदावर हे औषध वॉर्डातून काढून फार्मसीत ठेवण्याची मागणी केलीत. मेमो तुम्हाला मिळाला. औषध हलवायला मात्र बराच पाठपुरावा करावा लागला.

त्यानंतर आमच्या रजिस्टरमधल्या नोंदी वाढल्या, आणि वरच्या बैठकीत आमचा वॉर्ड सर्वांत जास्त चुका करणारा ठरला. त्या वेळी तुम्ही शांत कशा राहिलात याचे मला नवल वाटे. पुढे शिकताना एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेचे १९९०च्या दशकातले संशोधन वाचले आणि उलगडा झाला. अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा त्या अभ्यास करत होत्या आणि चांगल्या चमूंकडून चुका कमी होत असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे नेमके उलटे आले. त्या चमूंमध्ये चुका जास्त होत होत्या असे नव्हे, तर तिथे त्या लपवल्या जात नव्हत्या, असा अर्थ त्यांनी पुढे लावला. ज्या वॉर्डाचे रजिस्टर महिनोन्महिने कोरे असते, त्याची मला आता अधिक भीती वाटते.

डॉक्टरांना फोन कसा करायचा, हेही तुम्हीच शिकवलेत. काय झाले आहे, आधी काय होते, तुला काय वाटते, तुला काय हवे आहे: या चार प्रश्नांची उत्तरे हातात असल्याशिवाय फोन उचलायचा नाही. ही पद्धत मुळात अमेरिकी नौदलातून रुग्णालयांत आली हे मला नंतर कळले. तुमचा सगळा भर तिसऱ्या प्रश्नावर असे. मध्यरात्री रेसिडेंट डॉक्टरला उठवून 'सर, बीपी कमी आहे' एवढेच सांगणारी परिचारिका निर्णयाचा सगळा भार त्याच्यावर टाकते आणि स्वतःचे निरीक्षण वाया घालवते. 'मला आतून रक्तस्राव वाटतो, तुम्ही येऊन पाहावे' असे म्हणणारी त्याची सहकारी होते. हे म्हणायला धीर लागतो, आणि नवीन मुलीच्या शेजारी उभे राहून तो तुम्ही देत होता. तिचा अंदाज चुकला तरी फोन केल्याबद्दल तिला बोलणी बसणार नाहीत, हे तुम्ही कन्सल्टंटांशी आधीच बोलून ठेवले होते, ही गोष्ट आम्हाला फार उशिरा समजली.

शस्त्रक्रियागृहातल्या सुरक्षा तपासणी यादीच्या बाबतीतही तेच. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली आणलेली १९ मुद्द्यांची ही यादी पुष्कळ ठिकाणी नंतर एकदम टिका मारून भरली जाते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले होते. त्या यादीत छेद घेण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे असते, आणि नेमका हाच मुद्दा ज्येष्ठ सर्जनांना पोरकट वाटतो. ज्याने एकदा आपले नाव मोठ्याने सांगितले, तो पुढे 'सर, एक मॉप (रक्त टिपायचे कापड) कमी आहे' हेही सांगू शकतो, एवढेच तुमचे म्हणणे होते, आणि ते तुम्ही न थकता मांडत राहिलात.

ड्युटी लिस्टबद्दल तर स्वतंत्र पत्र लिहावे लागेल. कोकणातल्या मुलींना गणपतीला घरी जायचे असते, केरळच्या मुलींना ओणमला, आणि काही वर्षी हे दोन्ही सण पाठोपाठ येतात. कोणत्या वर्षी कोणत्या सणाला कोण ड्युटीवर होते, याचे रजिस्टर तुम्ही सर्वांना पाहायला ठेवलेत. त्यामुळे रजा ही मर्जीची गोष्ट राहिली नाही आणि अर्धी भांडणे मिटली. 'आपण सगळे एक कुटुंब आहोत' हे वाक्य आमच्याकडे नेहमी डबल ड्युटी मागताना ऐकू येई. तुमच्या तोंडून ते कधी आले नाही. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याप्रमाणे नेमलेल्या अंतर्गत समितीची नावे तुम्ही मावशींच्या कपडे बदलण्याच्या खोलीतही लावलीत, हेही इथे नोंदवते.

एका बाबतीत माझे तुमच्याशी पटले नाही आणि आजही पटत नाही. सणाच्या दिवशी माणूस कमी पडले की ती ड्युटी तुम्ही स्वतः घेत असा. आम्हाला ते सोयीचे होते, पण त्यामुळे जागा रिकाम्या असल्याची झळ वरपर्यंत कधी पोहोचली नाही, आणि तुम्ही गेल्यावर ती एकदम आमच्यावर आली. मी आता माणूस कमी असेल तर तसे लेखी कळवते आणि खाडा भरून काढत नाही. तुम्हाला हे कदाचित आवडणार नाही.

तुम्ही केलेल्या या सगळ्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. एक विनंती आहे: पुढच्या महिन्यात आमच्याकडे नव्या परिचारिकांची तुकडी रुजू होत आहे. ओव्हरबद्दल तुम्ही त्यांच्याशी तासभर बोलावे, अशी इच्छा आहे. मामा आणि मावशींनाही त्या वेळी बोलावणार आहे. सोयीची तारीख कळवावी, त्याप्रमाणे मी ड्युटी लिस्ट लावीन.

तुमची विनम्र,
तुमच्या वॉर्डात शिकलेली एक परिसेविका