पेशीला गोंद नसतो रे सच्या

प्रिय सच्या,

तुझा मेसेज वाचला. बारावीतल्या पोरीने विचारलं की पेशी जागेला चिकटून राहते म्हणजे तिला गोंद असतो का, आणि तू "पुढच्या तासाला सांगतो" म्हणून सुटलास! पोरगी भारी आहे. फोनवर एवढं टाइप करायचा कंटाळा येतो म्हणून सरळ पत्रच लिहितोय.

गोंद बिंद काही नसतो. पेशीबाहेर कोलॅजन, फायब्रोनेक्टिन यांचं जाळं असतं, आत अ‍ॅक्टिनचे दोर असतात, आणि मधल्या आवरणातून आरपार गेलेलं इंटिग्रिन हे प्रोटीन बाहेरचं जाळं धरून बसतं. आता सगळ्यांना वाटतं की इंटिग्रिनचं आतलं टोक अ‍ॅक्टिनला बांधलेलं असणार, पण तसं नाहीये. 2010 मध्ये फार बारीक दिसणाऱ्या मायक्रोस्कोपखाली मोजलं तर दोघांमध्ये साधारण 40 नॅनोमीटरची फट निघाली, आणि खरा खेळ सगळा त्या फटीत चालतो.

फटीत तिरकं पसरलेलं असतं टॅलिन नावाचं प्रोटीन. त्याचं डोकं इंटिग्रिनची शेपटी धरतं आणि बाकीचा लांब दांडा वर अ‍ॅक्टिनकडे जातो. दांडा म्हणजे गुंडाळलेल्या 13 गठ्ठ्यांची माळ, आणि त्या गठ्ठ्यांच्या पोटात व्हिन्क्युलिन नावाच्या दुसऱ्या प्रोटीनला बसायच्या 11 जागा आहेत, पण दडवून ठेवलेल्या! मायोसिन हे पेशीतलं ओढकाम करणारं प्रोटीन अ‍ॅक्टिनला ओढतं, अ‍ॅक्टिन टॅलिनला ओढतं, आणि ताण 5 पिकोन्यूटनच्या आसपास गेला की सगळ्यात कच्चा गठ्ठा उलगडतो (पिकोन्यूटन म्हणजे एका न्यूटनचा लाख कोटीवा भाग, पोरांना फिजिक्सच्या सरांकडे पाठव). मग व्हिन्क्युलिनला जागा दिसते. तेही आधी स्वतःचंच डोकं स्वतःच्या शेपटीत खुपसून बसलेलं असतं, टॅलिनवर डोकं टेकलं की शेपटी मोकळी होते आणि ती जाऊन अजून अ‍ॅक्टिन धरते, आणि व्हिन्क्युलिन तिथे असेपर्यंत तो गठ्ठा परत मिटत नाही.

म्हणजे बघ, ओढलं की पकड सुटायला पाहिजे ना, इथे ओढलं की पकड वाढते. 2009 मध्ये मायकेल शीट्झच्या गटाने टॅलिनचा तुकडा चुंबकाने ताणून दाखवलं की ताणल्यावर जास्त व्हिन्क्युलिन येऊन बसतं. 2017 मध्ये तर असं दिसलं की व्हिन्क्युलिन आणि अ‍ॅक्टिनची गाठच बैलाच्या दाव्यासारखी आहे, बैल हिसका देतो तशी आवळते, आणि तीसुद्धा एका दिशेला ओढलं तर जास्त. मला या सगळ्यात हेच सगळ्यात आवडतं, आणि म्हणूनच पुस्तकातली ती आकृती बघितली की डोकं फिरतं, रंगीत गोळे शेजारी शेजारी चिकटवलेत आणि ताण कुठेच नाही! अरे ताण काढला तर उरतं काय, ही पकड ढिली पडते आणि हळूहळू विरघळूनच जाते.

बरं, वर्गात सांगायला एक गंमत. 1979 मध्ये बेनी गायगरने व्हिन्क्युलिन आणि 1983 मध्ये कीथ बरिजने टॅलिन, दोन्ही कशातून काढली माहितीये? कोंबडीच्या पेट्यातून. हो, आपण कलेजी-पेटा खातो तोच. दाणे दळायला तिथे स्नायू ठासून भरलेला असतो म्हणून असली प्रोटीन्स भरपूर मिळतात.

आणि रक्ती आव करणारा शिगेला नावाचा जंतू, तो महाचोर आहे. आतड्याच्या पेशीत घुसताना तो आयपीए-ए नावाचं प्रोटीन आत टोचतो, ते टॅलिनच्या दडलेल्या जागेची हुबेहूब नक्कल करतं, त्यामुळे कसलाही ताण नसताना व्हिन्क्युलिन फसून उघडतं. जंतूला हे कुलूप आपल्या कितीतरी आधी कळलं होतं म्हणायचं!

तर फळ्यावर गोळे काढू नकोस, आधी फट काढ, मग टॅलिन तिरकं काढ आणि ओढण्याचा बाण सगळ्यात मोठा काढ. ती पोरगी पुढचा प्रश्न नक्की विचारेल, की मग दोन पेशी एकमेकींना कशा धरतात, तर तिथे इंटिग्रिनऐवजी कॅडहेरिन असतं आणि टॅलिनचं काम अल्फा-कॅटेनिन करतं, तेही ताणलं की उघडतं आणि व्हिन्क्युलिनला बोलावतं. एवढ्यावर भागलं नाही तर कळव, त्याचं वेगळं पत्र लिहितो.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
मन्या