खाणीच्या टाकाऊ मालातील किरणोत्सार टप्प्याटप्प्यावर मोजावा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जानेवारी 2025 मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानात खाणींची टाकाऊ माती आणि खनिज काढून उरलेला गाळ यांतून उपयुक्त खनिजे मिळवण्यावर भर दिलेला आहे. पडून राहिलेल्या ढिगांचे चीज होत असेल तर ते हवेच आहे. पण त्यांत निसर्गतःच असलेले थोरियम, युरेनियम आणि त्यांच्या विघटनातून होणारी मूलद्रव्ये कशी मोजली जाणार, याची चर्चा फारशी दिसत नाही, म्हणून हे पत्र.

मलेशियातील पेराक राज्यात कथिलाच्या खाणींतून उरणाऱ्या जड वाळूला 'अमांग' म्हणतात. तीत इल्मेनाइट, झिरकॉन, मोनाझाइट, झेनोटाइम अशी खनिजे असतात. चुंबकीय व विद्युत पद्धतींनी ती वेगळी केली की आधी ढीगभर विखुरलेले थोरियम मुख्यतः मोनाझाइटच्या पोत्यांत एकवटते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था युरेनियम आणि थोरियम मालिकांतील (म्हणजे त्यांच्या विघटनातून एकामागून एक होणाऱ्या) मूलद्रव्यांसाठी ग्रॅममागे 1 बेकरेल (सेकंदाला एका अणूचे विघटन) ही पातळी धरते. त्यापुढे नियमनाचा विचार सुरू होतो. ज्या मोनाझाइटमध्ये 8 टक्के थोरियम ऑक्साइड आहे, त्यात एकट्या थोरियम-232 चीच क्रियाशीलता ग्रॅममागे सुमारे 285 बेकरेल भरते. अशा वेळी मूळ ढिगाची सरासरी सांगून कोणाचे समाधान व्हावे? आमच्या रत्नागिरीच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट असले तरी केरळातील चवराच्या वाळूच्या मानाने मोनाझाइट फारच कमी आहे, तेव्हा एका ठिकाणचा आकडा दुसरीकडे लावणेही चुकीचे ठरेल.

मोजणीतले खाचखळगे याहून महत्त्वाचे आहेत. नमुना वाळवून, दळून, हवाबंद डब्यात सुमारे चार आठवडे ठेवावा लागतो. रेडियम-226 पासून होणारा रेडॉन-222 हा वायू आहे, त्याचे अर्धायुष्य 3.8 दिवसांचे आहे, आणि तो निसटून गेला तर त्याच्यापासून होणाऱ्या शिसे-214 व बिस्मथ-214 यांच्या गॅमा रेषांवरून (ठराविक ऊर्जेच्या गॅमा किरणांवरून) काढलेला रेडियमचा आकडा कमी भरतो. शिवाय बिस्मथच्या रेषेवरून थेट युरेनियम किती हे सांगण्याची सोय कच्च्या खनिजापुरतीच आहे. आम्लप्रक्रिया झाली की युरेनियम द्रावणात जाते आणि रेडियम बहुधा बेरियम सल्फेटबरोबर गाळात बसते, म्हणजे दोघांची ताटातूट होते. मग दोन्ही स्वतंत्रपणेच मोजावी लागतात. शिसे-210 ची 46.5 किलोइलेक्ट्रॉन व्होल्टची रेषा झिरकॉनसारख्या जड खनिजात बरीच शोषली जाते. हलक्या मातीच्या प्रमाण नमुन्यावरून उपकरण जुळवले असेल तर तोही आकडा फसवा. (पोत्याजवळ काउंटर धरून टिकटिक ऐकवणे छायाचित्रापुरते ठीक, पण त्यातून कोणते मूलद्रव्य किती, हे कळत नाही.)

म्हणून परवान्याच्या अटींतच अणुऊर्जा नियामक मंडळाने असे लिहावे की, वेगळ्या केलेल्या प्रत्येक खनिजाचे, उरलेल्या गाळाचे आणि सांडपाण्याचे थोरियम-232, युरेनियम-238, रेडियम-226, रेडियम-228 व शिसे-210 यांचे आकडे वेगवेगळे जाहीर व्हावेत, आणि त्यांच्यासोबत नमुना हवाबंद केल्याची व मोजल्याची तारीखही द्यावी.

आपला नम्र,
एक निवृत्त भौतिकशास्त्र अध्यापक
रत्नागिरी