मावशी, पेपरबार्कला फुटवा आलाय

प्रिय मावशी,

सप्रेम नमस्कार.

सिडनीत तुमच्या-माझ्या घरात जेमतेम दोन रस्त्यांचं अंतर, तरी हे पत्राने लिहितेय. समोर आभार मानायला लागले की तुम्ही "चहा घे आधी" म्हणून विषय बदलता. आणि तुम्ही काय केलंत ते चार लोकांना कळावं असंही मला वाटतं.

गेल्या वर्षी मी तुमच्याकडे आले तेव्हा कुंडीतल्या माझ्या दोन ऑस्ट्रेलियन झाडांपैकी बँक्सिया गेलेली होती आणि पेपरबार्क त्याच वाटेवर होतं. पुण्यात शिकलेलं जपानी पद्धतीचं बोन्साय मी जसंच्या तसं इथल्या झाडांवर चालवलं होतं. ऑगस्टमध्ये, थंडी सरायच्या आधीच, मुळं धुऊन कुंडी बदलली. फुलं यावीत म्हणून फॉस्फरसचं खत घातलं. पानं पिवळी पडून कडा करपायला लागल्या, तर आणखी घातलं.

तुम्ही रागावला नाहीत. मेलेली बँक्सिया कुंडीतून काढून तिची मुळं माझ्या तळहातावर ठेवलीत. बारीक तंतूंचे दाट झुबके होते, कापसाच्या पुंजक्यांसारखे. "इथली माती फार जुनी, झिजलेली. तिच्यातला फॉस्फरसचा कण न् कण ओढून घ्यायला ही मुळं आहेत. ताटात जास्त पडलं तरी त्यांना पुरे म्हणता येत नाही गं." तुमचं हे वाक्य मी खताच्या डब्यावर चिकटवलंय.

पेपरबार्कची कुंडी तुम्ही सरळ पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवलीत. मुळं कुजतील म्हणून माझा जीव वरखाली. "अगं, दलदलीतलं झाड आहे ते." काही आठवड्यांत कुंडीच्या भोकांतून पांढरी मुळं ट्रेमध्ये उतरली. मी फांदीवर गुंडाळलेली तारही तुम्ही नखाने हळूहळू सोडवलीत, कारण तिच्याखाली कागदासारखी साल सुटून येत होती. मग सुती दोरीने फांदी खाली ओढून बांधलीत. कुंडी बदलायची ती रात्री उबदार झाल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात, आणि मुळं सगळी मोकळी करायची नाहीत, हेही तेव्हाच सांगितलंत.

पण सगळ्यात मोठं देणं सिडनीजवळच्या रॉयल नॅशनल पार्कमधलं. 'ओल्ड मॅन बँक्सिया'समोर तुम्ही मला अर्धा तास नुसतं उभं केलंत. गाठाळ, खडबडीत बुंधा, करवतीसारखी पानं, आणि फांदी कुठेही आखल्यासारखी नाही. कॅप्टन कुकबरोबर आलेल्या जोसेफ बँक्स या वनस्पतीशास्त्रज्ञाच्या नावावरून हिचं नाव पडलं, 1770 मध्ये इथल्याच बॉटनी बेला त्याने ही पाहिली, हे तुम्ही जाता जाता सांगितलंत. पण आधी म्हणालात, "पाइनचा आकार विसर. हिला हिच्यासारखी वाढू दे." मी खाली पडलेलं बोंड उचललं, तर ते जागेवर ठेवायला लावलंत. राष्ट्रीय उद्यानातून काहीही न्यायचं नाही.

मग तुमच्या अंगणातल्या झाडाचं बोंड ओव्हनमध्ये ठेवलंत. वणव्याची धग लागल्याशिवाय ते सहसा उघडत नाही म्हणून. तड् तड् आवाज करत एकेक तोंड उघडलं, आणि आत पातळ लाकडी पडद्याच्या दोन्ही बाजूंना पंखाचं एकेक काळं बी. त्यातली सहा मला दिलीत. चार उगवली आहेत.

तुमच्या कुंडीतल्या शी-ओकची बारीक झिपरी हातात घेतली तेव्हा मला दिवेआगरच्या सुरूच्या बनातला वारा आठवला. हा त्याच घराण्यातला, हे मला माहीत नव्हतं. घर सोडून आल्याला अकरा वर्षं झाली, मावशी. त्या संध्याकाळी पहिल्यांदा इथलं एखादं झाड मला परकं वाटलं नाही.

काल पेपरबार्कच्या जुन्या बुंध्यावर, छाटलेल्या जागेच्या खाली, सात कोंब मोजले. कुठले ठेवायचे ते मला ठरवता येत नाहीये. शनिवारी कुंडी घेऊन येते. चहा मी करेन.

तुमची,
मागच्या रस्त्यावरची