स्वागत समारंभाचे टेबलक्लॉथ आणि आपल्या पेठांतले माग

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

लग्नसराई जवळ आली की आपल्या दैनिकाच्या पुरवणीत शालू, दागिने, केशभूषा आणि व्यासपीठाची सजावट या साऱ्यांविषयी सविस्तर वाचायला मिळते. मात्र स्वागत समारंभाला आलेला पाहुणा ज्या कापडावर हात टेकून तासभर बसतो, त्या टेबलावरच्या कापडाविषयी कोणी चार ओळी लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. दोन मुलींची लग्ने बेळगावातच करून दिलेला, आणि ज्याच्या वडिलांचा उभा जन्म खासबागेत मागावर गेला असा एक वाचक या नात्याने, या दुर्लक्षित विषयावर, आणि त्यात आपल्याकडच्या विणकरांना मिळू शकणाऱ्या कामावर, थोडे लिहावेसे वाटते.

थोरल्या मुलीच्या वेळी हे सारे आम्ही सजावटवाल्यावर सोपवले होते. त्याने दाखवलेला नमुना हाताला भरीव लागणारा होता. अक्षता दुपारी पडल्या, संध्याकाळी सात वाजता आम्ही कार्यालयाच्या सभागृहात पाऊल टाकले, तर टेबलांवर पातळ, चकचकीत सॅटिन अंथरलेले, त्याचे काठ वीतभर लोंबून अर्ध्यावरच संपलेले आणि खाली प्लायवूडच्या टेबलांचे गंजलेले लोखंडी पाय सगळ्यांना दिसत होते. एका टेबलावर मागच्या कुठल्या तरी कार्यातला रश्श्याचा डाग फुलदाणीखाली झाकला होता. ते सॅटिन पॉलिस्टरचे असल्याने पाणी शोषत नव्हते. एका लहान मुलाच्या हातून ग्लास कलंडला आणि पाणी कापडात न मुरता थेट आमच्या मेहुणीच्या पैठणीवर ओघळले. त्या व्यावसायिकाला दोष देऊन उपयोग नव्हता, कारण आमच्या करारात ‘टेबलक्लॉथ’ एवढा एकच शब्द होता. माप नव्हते, कापडाचा प्रकार नव्हता, आणि तशी सही मीच केली होती.

म्हणून धाकटीच्या वेळी मी आधी मोजपट्टी घेतली. आपल्याकडच्या कार्यालयांत आठ माणसांचे गोल टेबल बहुधा ६० इंच व्यासाचे आणि ३० इंच उंचीचे असते. कापड जमिनीपर्यंत पोचायचे तर दोन्ही बाजूंची उंची धरून १२० इंच व्यासाचे हवे. ९० इंचांचे घेतले तर ते पंधराच इंच लोंबते, म्हणजे बसलेल्या माणसाच्या मांडीपर्यंत. दहा माणसांच्या ७२ इंची टेबलाला हाच हिशेब १३२ इंचांवर जातो. बफेच्या लांब टेबलांना झालर लावली की भागते, तिथे फार डोके घालवू नये; फक्त पदार्थ गरम ठेवण्यासाठी ज्या भांड्यांखाली ज्योत असते, तिथली झालर कृत्रिम धाग्याची नसावी, कारण ते कापड वितळून अंगाला चिकटते.

कापड आणून शिवून घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. बाजारातले साधे कापड ५८ ते ६० इंच पन्ह्याचे, म्हणजे रुंदीचे, मिळते, त्यामुळे १२० इंची गोल टेबलक्लॉथला दोन लांब्या, म्हणजे सव्वासहा मीटरच्या आसपास कापड लागते आणि जोड द्यावाच लागतो. शिंपी सवयीने दोन पट्ट्या मधोमध जोडतो आणि ती शिवण नेमकी टेबलाच्या पोटावरून, ताटांच्या मधून धावते. त्याऐवजी एक अख्खी पट्टी मधे ठेवून दुसरीचे उभे दोन भाग करून दोन्ही कडांना जोडावेत. असे केले की दोन्ही शिवणी टेबलाच्या काठापाशी येतात, लोंबणाऱ्या चुण्यांत मिसळून जातात आणि पाहणाऱ्याला अख्खे कापड वाटते. सुती कापड कापण्याआधी एकदा भिजवून वाळवावे. शेकडा तीन ते पाच आटणारे कापड १२० इंचांना चार-सहा इंच खाते.

उंची कापड म्हणजे चकाकी, हा समज आपल्याकडे फार घट्ट बसला आहे. माझ्या मते उंची कापड डोळ्यांआधी तळहाताला कळते. लिननचेच घ्या: ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, त्याच वनस्पतीच्या खोडातून निघणाऱ्या धाग्याचे हे कापड, ते चकचकत नाही, पण त्याचा थंडावा आणि वजन हाताला लगेच जाणवते. ते चुरगळते हे खरे, आणि किंचित ओलसर असतानाच इस्त्री करावी लागते, म्हणून चाळीस टेबलांच्या समारंभाला ते परवडेल असे नाही. डमास्क त्याहून सोयीचे. दमास्कस शहरावरून नाव पडलेल्या या विणीत ताणा (उभे धागे) आणि बाणा (आडवे धागे) एकाच रंगाचे असले तरी नक्षी उठते, कारण कुठे ताणा वर येतो, कुठे बाणा, आणि प्रकाश दोघांवर वेगळा पडतो. नक्षी छापलेली नसल्याने धुण्यात निघून जाण्याचा प्रश्न उरत नाही. भाड्याने घेणाऱ्याने सूत आणि पॉलिस्टर यांचे मिश्रण असलेले, वजनदार डमास्क मागावे. ते कमी चुरगळते आणि पाणीही काही प्रमाणात टिपते.

रंगाच्या बाबतीत आमच्या घरी एक छोटासा तंटाच झाला. धाकटीने शुभ्र पांढरे निवडले, तर आमच्या खानापूरच्या आत्याबाईंनी ‘पांढरं कशाला गे लग्नाला?’ म्हणून कपाळाला हात लावला. शेवटी सायीच्या रंगावर दोघींचे एकमत झाले, आणि पाहायला गेले तर तोच रंग योग्य ठरला, कारण सभागृहाच्या दिव्यांखाली शुभ्र पांढरे निळसर आणि रुग्णालयाच्या चादरीसारखे दिसत होते. नमुना दुकानाच्या उजेडात पसंत न करता संध्याकाळी सभागृहात, त्याच दिव्यांखाली ठेवून पाहावा.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. शहापूर हे सांगली संस्थानात असल्यापासून विणकरांचे गाव म्हणून ओळखले जाते, आणि वडगाव, खासबाग या भागांत आजही गल्लीतून चालताना यंत्रमागांची खडखड ऐकू येते. या मागांवर प्रामुख्याने साड्या निघतात. साडीचा पन्हा ४५ ते ४८ इंचांचा, त्यामुळे १२० इंची टेबलक्लॉथ अखंड विणणे या मागांना शक्य नाही, आणि तसा हट्टही धरू नये. परंतु टेबलाच्या मधोमध टाकायची पट्टी, जिला रनर म्हणतात, ती बारा-चौदा इंचांचीच असते आणि हातरुमाल वीस इंची; म्हणजे एका पन्ह्यात तीन रनर किंवा दोन रुमाल शेजारी शेजारी सहज बसतात. साडीच्या काठापदरावर नक्षी उठवणारे यंत्र, जकार्ड, तर मागावर चढवलेलेच असते.

धाकटीच्या समारंभासाठी आम्ही टेबलक्लॉथ भाड्याने घेतले, पण बावीस रनर खासबागेतल्या एका विणकराकडून करून घेतले: सायीच्या रंगाचे सुती अंग आणि दोन्ही कडांना इरकली साडीला असतो तसा गोमी नावाचा पारंपरिक काठ. विणकराला प्रथम हे काम विचित्रच वाटले. ‘साडी न्हवं, पदर न्हवं, नुसता काठ?’ असे त्याने दोनदा विचारले. पण मागावरून पहिला तुकडा उतरला तेव्हा त्याने तो स्वतःच दोन हातांनी ताणून उजेडात धरला आणि काठाची एक चौकडी चुकलेली मला दिसण्याआधी त्यालाच दिसली. लग्नानंतर ते रनर वाया गेले नाहीत. जवळच्या नातलगांना एकेक दिला आणि ते आज त्यांच्या जेवणाच्या टेबलांवर आहेत. भाड्याच्या सॅटिनवर खर्चलेल्या पैशाचे असे काही उरत नाही.

हौसेच्या भरात आजीचे इरकली लुगडे किंवा जुना खण कापून रनर करणारेही अलीकडे दिसतात. रेशमी पदरावर रश्श्याचे वाडगे ठेवणे मला तरी पाहवत नाही. घरात तसे काही असेल तर ते न कापता आहेराच्या टेबलावर घडी घालून पसरावे. तिथे अन्न येत नाही आणि येणारा प्रत्येक जण थांबून ते पाहतो.

हळदीच्या डागांविषयीही लोक उगाच धास्ती घेतात. सुती कापडावरच्या हळदीला साबण लागला की डाग लालभडक होतो, तेव्हा कापड कायमचे खराब झाले असे वाटते. पण तो क्षाराचा परिणाम असतो. स्वच्छ पाण्यात खळबळल्यावर डाग परत पिवळा होतो आणि दोन-तीन दिवसांच्या कडक उन्हात फिका पडत जातो. तेलकट डाग मात्र त्याच रात्री काढावा, सकाळची वाट पाहू नये.

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातील मंगल कार्यालयांच्या चालकांना माझी विनंती आहे की त्यांनी आपल्या दरपत्रकात टेबलाचा व्यास, टेबलक्लॉथचे माप आणि कापडाचा प्रकार स्पष्टपणे छापावा, आणि नमुन्याचा एक तुकडा ग्राहकाच्या सहीनिशी करारपत्राला टाचून ठेवावा. आपल्यालाही एक विनंती: येत्या तुळशीच्या लग्नानंतरच्या पुरवणीत वडगाव, खासबाग आणि शहापूर येथील जे विणकर अशी छोटी कामे स्वीकारायला तयार असतील, त्यांची माहिती त्यांच्या संमतीने छापावी. बावीस रनर विणून व्हायला आम्हाला मागाच्या फुरसतीप्रमाणे पाच आठवडे लागले होते, तेव्हा माघात कार्य असलेल्यांनी मार्गशीर्षातच विचारायला जावे लागेल.

आपला नम्र,
एक वधूपिता,
शहापूर, बेळगाव