दोष दोन वर्षांच्या अटीचा नाही

संपादक महोदय,

परदेशी सुनांच्या ओसीआय कार्डाला (भारतात दीर्घकाळ राहण्याची मुभा देणाऱ्या 'परदेशस्थ भारतीय नागरिक' कार्डाला) लागणाऱ्या विलंबाविषयी आपल्या रविवारच्या अंकातील लेख वाचला. लेखकाने सारे खापर दोन वर्षांच्या अटीवर फोडले आहे, ते पटले नाही. नागरिकत्व कायद्याच्या कलम 7अ नुसार भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराचा विवाह नोंदलेला हवा आणि अर्जापूर्वी सलग किमान 2 वर्षे टिकलेला हवा. निव्वळ कार्डासाठी होणाऱ्या कागदोपत्री लग्नांना आळा घालायचा तर एवढी मुदत जाचक म्हणता येणार नाही. तोवर एंट्री व्हिसावर राहता येते आणि मुदतवाढीचा अर्ज 2018 पासून ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या करता येतो.

खरी रखडपट्टी आपल्याच गावात सुरू होते. बडोद्यातल्या मराठी घरांत लग्न थाटात लागते, नोंदणीचे मात्र 'बघू पुढे'. गुजरातेत 2006 च्या कायद्याने ती सक्तीची आहे, तरीही! पुढे दाखला हाती येतो तेव्हा पासपोर्टातल्या नावाला 'भाई' चिकटलेले असते. माझ्या पुतण्याच्या दाखल्यावर तर त्याची पोलिश बायको 'मार्ताबेन' झाली. ऐकायला गोड, पण छाननीत ती दुसरीच बाई ठरते. मग दुरुस्तीचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, नोटरी, यांत महिने गेले.

नोंदणी कार्यालयांनी नावे पासपोर्टवरून जशीच्या तशी उतरवावीत आणि शिक्का मारण्यापूर्वी मसुदा दांपत्याला वाचायला द्यावा. त्यासाठी दिल्लीहून नवा नियम यायची गरज नाही.

– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे