दोन वाटांच्या मिक्सरवर वेगवेगळे ट्रॅक घ्यायला शिकवणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

नाव न लिहिता दादाच म्हणतो, तुम्हाला तेच आवडेल. मंडपातलं साऊंडचं काम सांभाळून तुम्ही आम्हा घरच्या घरी अभंग-गवळणी रेकॉर्ड करणाऱ्यांना छोट्या मिक्सरचा धडा दिलात, त्याबद्दल हे आभार. ते जाहीरपणे मानतोय, कारण मिक्सर आणून अडून बसलेले पुष्कळ आहेत. तुमचं सांगणं त्यांच्याही हाती पडावं.

पहिले आभार तुमच्या एका वाक्याचे: "खोक्यावर बारा चॅनल असतील, यूएसबीतून दोनच जातात." बहुतेक छोट्या यूएसबी मिक्सरचं हेच आहे. लॅपटॉपला मिळतं ते मेन मिक्सचं, म्हणजे सगळे चॅनल एकत्र झालेल्या आवाजाचं, डावं आणि उजवं, बस्स. गळा आणि तबला त्यात एकदा कालवले गेले की नंतर एकटा तबला कमी करता येत नाही. टॅस्कॅमचं मॉडेल 12 किंवा झूमचं लाइव्हट्रॅक एल-12 प्रत्येक चॅनल वेगळा टिपतं, पण त्यांची किंमतही तशीच. तुम्ही नवीन काही घ्यायला लावलं नाहीत. आहे त्याच मिक्सरमध्ये आवाज कुठून कुठे जातो ते कागदावर काढून दिलंत: माईक, गेन (माईकचा आवाज आत किती वाढवायचा), लो-कट (खालचा खर्ज छाटणारं बटण), इन्सर्ट (आवाज मध्येच बाहेर काढून परत घ्यायचं भोक), इक्यू (खर्ज-तीव्र कमीजास्त करणं), फेडर (आवाजाची सरकपट्टी), पॅन (डावीकडे की उजवीकडे), मेन. पुढचं सगळं त्या एका ओळीतून उलगडत गेलं.

दोनच वाटा आहेत ना, मग दोन्ही वेगळ्या वापरायच्या. गळ्याचा पॅन पूर्ण डावीकडे, तबल्याचा पूर्ण उजवीकडे. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर असेल तर एका ट्रॅकला इनपुट 1 मोनो, दुसऱ्याला इनपुट 2 मोनो. ऑडॅसिटी असेल तर स्टीरिओ ट्रॅक घेऊन नंतर त्याचे दोन मोनो करायचे. पॅन मध्ये राहिलेला एकही चॅनल चालू नको, कारण तो दोन्हीकडे सांडतो. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचं बहुधा हेच होतं. म्हणून तानपुरा आधी एकटा घ्यायचा, गाण्यापेक्षा दोन मिनिटं जास्त, आणि मग तो हेडफोनवर ऐकत बाकीचं. त्यानंतर तबला आणि सोबत कच्चा गळा, मग हार्मोनियम, मग खरा गळा, शेवटी कोरस आणि टाळ. टाळ शेवटी, कारण ते खोलीतल्या प्रत्येक माईकमध्ये शिरतात. त्यांचा ठोका इतका झटपट असतो की मिक्सरचे दिवे तो पूर्ण दाखवतही नाहीत. माईक दीड-दोन मीटर लांब ठेवायचा आणि गेन दिव्यांना वाटतो त्याहून बराच खाली.

आधीचं ऐकत नवीन भरताना बहुतेकांचं घोडं अडतं ते परतीच्या वाटेवर. लॅपटॉपमधला जुना आवाज यूएसबीतून मिक्सरमध्ये येतो. तो मेन मिक्समध्ये मिसळला की नवीन ट्रॅकवर पुन्हा जुनाच चढतो. त्यात सॉफ्टवेअरचं मॉनिटरिंगही (आत आलेला आवाज लॅपटॉपने लगेच परत ऐकवणं) चालू असेल तर वर्तुळ पूर्ण होऊन शिट्टी. काही मिक्सरवर यासाठी छोटं बटण असतं: परतीचा आवाज फक्त मॉनिटरला, म्हणजे ऐकायच्या हेडफोनला, द्यायचा की स्टीरिओ मिक्समध्ये घालायचा. ते मॉनिटरकडेच हवं. तुमची चाचणी तर प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवावी: सगळ्या माईकचे फेडर खाली, नवीन ट्रॅक रेकॉर्डला लावलेला, जुना ट्रॅक वाजता ठेवायचा. नवीन ट्रॅकचं मीटर हललं तर गळती आहे, आणि ती बंद होईपर्यंत कुणाला गायला बसवायचं नाही.

ज्यांच्या मिक्सरवर ऑल्ट 3-4 (मेनखेरीज आउटची दुसरी जोडी) आहे त्यांची आणखी सोय. त्यावर म्यूटचं बटण दाबलं की चॅनल मेनमधून निघून ऑल्ट 3-4 मध्ये जातो. ते आउट ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज लॅपटॉपमध्ये नेणाऱ्या वेगळ्या डबीच्या) लाइन इनला द्यायचे आणि परतीचा आवाज मेनवर ऐकायचा. ऐकायची वाट आणि लिहायची वाट एकमेकींना भेटतच नाहीत.

इन्सर्टची युक्ती मात्र सगळ्यात मोलाची. इन्सर्टच्या भोकात टोकावर आवाज बाहेर जातो आणि मधल्या कड्यावर परत येतो. साधी मोनो पी-38 पिन (पाव इंची जाड जॅक) पहिल्या 'टक्'पर्यंतच घातली तर अनेक मिक्सरवर आवाज बाहेर मिळतो आणि मिक्सरमधला प्रवाहही तुटत नाही. दुसऱ्या 'टक्'पर्यंत दाबली की तो चॅनल पुढे मुका. पण अर्धवट घातलेली पिन कुणाच्या पायात वायर आली की हलते. म्हणून तुम्ही स्टीरिओ पिनमध्ये टोक आणि कडं एकत्र झाळून, तिथून एकच तार दुसऱ्या टोकाच्या मोनो पिनला नेलीत. ही पिन पूर्ण आत बसते, आवाज बाहेरही जातो आणि पुढेही. अशा चार वायर आणि चार लाइन इनपुटचा इंटरफेस असला की चार माईकचे चार स्वतंत्र ट्रॅक मिळतात.

इथेच त्या कागदावरच्या ओळीचा उपयोग कळतो. इन्सर्ट फेडर आणि इक्यूच्या आधी आहे, म्हणजे ते कितीही फिरवा, रेकॉर्डिंग तसंच राहतं. फेडर मग फक्त हेडफोनसाठी. पण गेन आणि लो-कट इन्सर्टच्याही आधी असतील तर ते रेकॉर्डिंगमध्ये कायमचे उतरतात. लो-कट 80 किंवा 100 हर्ट्झच्या खालचं छाटतं. गळ्याला ते बरं, खोलीतली घरघर जाते. डग्ग्याच्या चॅनलवर राहिलं तर घुमारा गेला, तो नंतर इक्यूने परत येत नाही.

गेनबद्दलही तुम्ही आकडाच दिलात: 24 बिटला सरासरी उणे 18 डीबीच्या आसपास आणि टोकं उणे 6 च्या वर नाहीत. फेडर शून्यावर ठेवून पातळी गेनच्या बटणानेच लावायची. चाचणीला मुखडा नको, तार सप्तकातली सगळ्यात उंच ओळ गायला लावायची आणि वर सहा डीबी राखून ठेवायचे, कारण रंगात आल्यावर गळा चाचणीपेक्षा मोठा लागतोच. मिक्सरमधला एको हेडफोनपुरताच, मेनमध्ये गेला की तो कायमचा.

"मला माझाच आवाज उशिरा ऐकू येतोय" या तक्रारीचा हिशेबही तुम्ही मांडलात. 48 किलोहर्ट्झला 512 सॅम्पलचा बफर (लॅपटॉप आवाज साठवून पुढे देतो तो तुकडा) म्हणजे एका दिशेला साधारण 10.7 मिलिसेकंद, आणि जाऊन-येऊन त्याच्या दुपटीहून थोडं जास्त. त्यामुळे स्वतःचा गळा मिक्सरमधूनच थेट ऐकायचा आणि सॉफ्टवेअरचं मॉनिटरिंग बंद. दोन्ही चालू असले की आवाज पोकळ, दुहेरी येतो आणि गाणाऱ्याचा सूर डळमळतो.

राहता राहिली 50 हर्ट्झची गुणगुण. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवायचं. गुणगुण गेली तर दोष माईकचा नाही, अर्थिंगच्या फेऱ्याचा, म्हणजे दोन यंत्रं दोन वाटांनी अर्थला जोडली गेल्याचा. मिक्सर आणि लॅपटॉप एकाच बोर्डावर घ्यायचे. तानपुरा मशीन किंवा कीबोर्ड डीआय बॉक्समधून (वाद्याची लाइन माईकच्या वायरीला जुळवणारी डबी) आणून त्याचं ग्राउंड लिफ्ट, म्हणजे आवाजाच्या वायरीतला अर्थचा जोड तोडणारं बटण, दाबायचं. अर्थची पिन कापायची नाही, कधीच नाही. हे तुम्ही आवाज चढवून सांगितलंत, त्याबद्दल वेगळे आभार, कारण तो सल्ला सर्रास दिला जातो आणि त्यात जीव जाऊ शकतो.

तो कागद आता मिक्सरच्या झाकणाला आतून चिकटवलाय. झाळलेल्या वायरींवर तुम्ही सांगितल्याप्रमाणे दोन्ही टोकांना चॅनलचे आकडे घातलेत. टाळांसकट पूर्ण झालेला अभंग पेनड्राइव्हवर घालून देतोय, सगळे ट्रॅक सुटे ठेवलेत. डग्गा नीट लागलाय का, तेवढं ऐकून सांगा.

आपले ऋणी,
घरच्या घरी रेकॉर्डिंग करणारे आम्ही सगळे