रंग गेला, पण विष गेले का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा तोंडावर आला की पंचगंगेच्या बातम्या सुरू होतात. जलपर्णी, फेस, बंधाऱ्याच्या कडेला उलटे पडलेले मासे. मी इचलकरंजीत ३१ वर्षे डाईंग मास्तर म्हणून काम केले. निवृत्तीनंतर मंगळवार पेठेत राहायला आलो त्याला आठ वर्षे झाली. या नदीचे मी देणे लागतो, म्हणून उन्हाच्या मदतीने सांडपाण्यातला रंग मारण्याच्या एका उपायाविषयी लिहीत आहे.

आधी माझ्या पदरचे सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी ज्या प्रोसेसमध्ये (कापड धुण्या-रंगवण्याच्या कारखान्यात) होतो तिथे तपासणीचा निरोप आला की सांडपाण्याच्या टाकीत हायपोचे कॅन ओतायला सांगत. हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, ब्लीचिंगचेच. जांभळेकाळे पाणी बघता बघता फिक्के पिवळे होई. मीही ओतले, एकदा नाही, कितीतरी वेळा. रंग गेला म्हणजे घाण गेली, असे तेव्हा मला मनापासून वाटायचे. पुढे वाचनात आले की रंगाचा रेणू फुटला तरी त्याचे तुकडे पाण्यातच राहतात, आणि क्लोरीन चिकटलेले काही तुकडे मूळ रंगाहून घातक असतात. खाली शिरोळ भागात तेच पाणी जनावरे पीत होती. हे मला आजही टोचते.

तुरटी-चुना घालून रंग खाली बसवला तरी तो गाळात जातो आणि गाळ पोत्यात भरून कुठेतरी टाकावा लागतो. विषाने फक्त जागा बदललेली असते. सुती कापडाच्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचे तर असे आहे की शंभर किलो वापरला तर वीस-तीस किलो कापडाला न बसता धुऊन जातो. तो जाणार कुठे?

मागच्या एप्रिलमध्ये माझ्या पुतणीने आमच्या गच्चीवर तीन काचेची भांडी मांडली. ती शिवाजी विद्यापीठात रसायनशास्त्र शिकते. तिन्हींत सारखेच निळे पाणी, मिथिलीन ब्ल्यू या रंगाचे. एकात चिमूटभर पांढरी भुकटी घालून ते उन्हात ठेवले. दुसऱ्यात तीच भुकटी, पण वर काळे कापड. तिसऱ्यात भुकटी नाही, नुसते ऊन. दुपारी जेवून वर गेलो तर पहिल्या भांड्यात निळेपणा उरलाच नव्हता. तिसरे थोडे उतरले होते, कापडाखालचे जवळपास तसेच होते.

“काका, ही भुकटी ओळखता का?” तिने विचारले. न ओळखून कसे चालेल! टिटॅनियम डायऑक्साइड. पिगमेंट प्रिंटिंगचा पांढरा तोच, सिंथेटिक धाग्याची चकाकी मारायला घालतात तोही तोच. अशा धाग्याचे पडदे खिडकीत लवकर विरतात, हे आम्हाला ठाऊक होते. भिंतीच्या जुन्या ऑइलपेंटवर हात फिरवला की पांढरी पूड हाताला लागते, तिथेही बऱ्याचदा याच भुकटीने उन्हाच्या मदतीने रंगातला बांधून ठेवणारा पदार्थ खाल्लेला असतो. उन्हात कापडाचा रंग उडू नये म्हणून मी जन्मभर झटलो. ज्या गोष्टीला शत्रू मानले, तिच्याकडूनच सांडपाण्यातला रंग मारून घेता येतो, हे त्या दिवशी गच्चीवर उमगले.

त्यामागचे शास्त्र तिने समजावले ते असे. उन्हातले अतिनील किरण भुकटीच्या कणावर पडले की त्यातला इलेक्ट्रॉन उसळतो आणि मागे रिकामी जागा राहते. या दोन्हींच्या पाण्याशी आणि ऑक्सिजनशी होणाऱ्या क्रियेतून हायड्रॉक्सिल नावाचे अत्यंत आक्रमक कण तयार होतात. ते रंगाची साखळी तोडत जातात. पुरेसा वेळ मिळाला तर शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि साधे क्षार उरतात. भुकटी स्वतः खर्च होत नाही. जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये प्रकाश आणि टिटॅनियम डायऑक्साइड वापरून पाण्याचे विघटन दाखवले. १९७७ मध्ये अमेरिकेत फ्रँक आणि बार्ड यांनी याच पदार्थाने पाण्यातले सायनाइड नष्ट करून दाखवले. चांदीच्या मुलाम्याच्या द्रावणात सायनाइड असते, तेव्हा हुपरीच्या कारागिरांनाही हा विषय परका नाही. स्पेनमध्ये अल्मेरिया भागात कीटकनाशकांचे रिकामे डबे धुतलेले पाणी उन्हावर शुद्ध करण्याचा प्रकल्प झाला. तिथे या भुकटीऐवजी लोहाचे क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरले. पेरॉक्साइडचे पिंप आपल्या प्रत्येक प्रोसेसमध्ये आधीच उभे आहे!

अडचणी आहेत, त्या झाकायच्या नाहीत. उन्हात अतिनील किरण जेमतेम पाच टक्के. गडद पाण्यात ते खोल शिरतच नाहीत, म्हणून हा उपाय नेहमीच्या शुद्धीकरणानंतर, उरलेल्या फिक्या पाण्यावरच करायचा. आपल्या सांडपाण्यात मीठ प्रचंड. मीठ यातून जात नाही, उलट हायड्रॉक्सिलचा जोर खाते. पेरॉक्साइडच्या पद्धतीला आम्लधर्मी पाणी लागते आणि आपले सोड्याचे, म्हणजे आम्लाचा आणि नंतर चुन्याचा खर्च आला. भुकटी पाण्यातून परत गाळणे हीही डोकेदुखी. पण काचेवर तिचा पातळ थर बसवला तर गाळायचे कामच नाही, आणि असे पातळ थर बनवण्याचे काम शिवाजी विद्यापीठात अनेक वर्षे चालू आहे. दुखणे आणि औषध एकाच जिल्ह्यात आहे.

पावसाळ्यात ऊन नसते, हे खरे. पण नदीची दशा सर्वांत वाईट होते ती मार्च ते मे, पाणी आटल्यावर. आणि त्याच तीन महिन्यांत आपल्याकडे उन्हाचा कडाका असतो.

म्हणून विद्यापीठाला आणि इचलकरंजीच्या प्रोसेसवाल्यांना माझी विनंती आहे. प्रयोगशाळेतले निळे पाणी पुरे झाले. या उन्हाळ्यात एका प्रोसेसच्या पत्र्यावर खऱ्या सांडपाण्याचा एक उथळ हौद मांडा. कुठला रंग, किती मीठ, किती तास ऊन, किती खर्च, रोज लिहून ठेवा आणि निकाल लोकांसमोर ठेवा, फसला तरी. मांडणीला हात लागत असेल तर मी रोज यायला तयार आहे.

आणि नुसत्या डोळ्यांनी पारख करू नका, त्यात मी एकदा फसलो आहे. सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण रासायनिक रीतीने जाळायला लागणारा ऑक्सिजन, मोजा. सांडपाण्यात मासे ९६ तास ठेवून त्यातले ९० टक्के जगले पाहिजेत, अशी कसोटी आपल्या नियमांत आहेच. हौदातून निघालेल्या पाण्यात आधी ते मासे सोडा.

आपला,
एक निवृत्त डाईंग मास्तर,
मंगळवार पेठ, कोल्हापूर